मालकाच्या रकान्यात न मावणारे घर

अमेरिकेत नोकरी करणारा माझा भाचा तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्याने खिशातली तिकडची चिल्लर माझ्या टेबलावर ओतली. "मामा, तुला जुन्या इमारती आवडतात ना? यावर एक आहे," असे म्हणून त्याने पाच सेंटचे नाणे वेगळे काढले. एका बाजूला थॉमस जेफरसनचा चेहरा. दुसऱ्या बाजूला खांबांची पडवी, तिच्यावर त्रिकोणी शिरोभाग, त्यामागे बसका घुमट आणि खाली नाव : मॉन्टिसेलो. अमेरिकेचे स्वातंत्र्यघोषणापत्र लिहिणाऱ्या आणि पुढे तिसरा राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाचे हे घर १९३८ पासून, मधली दोन वर्षे सोडली तर, त्या नाण्यावर आहे.

मी वास्तुविशारद नाही. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम केला आणि जवळजवळ तीस वर्षे दुसऱ्यांनी रचलेल्या इमारतींचे नकाशे काढले. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन जुने वाडे मोजायचा छंद त्यातूनच लागला. त्यामुळे कोणत्याही मोठ्या घराचे चित्र पाहिले की मी आधी त्यातले स्वयंपाकघर शोधतो. चूल, पाणी, सरपण, उष्टी भांडी आणि हे सगळे वाहणारी माणसे यांच्या वाटा सापडल्या की घर समजू लागते. दिवाणखान्यावरून ते समजत नाही, कारण दिवाणखाना मुळातच पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतो.

नाण्यावरच्या घरात मला स्वयंपाकघर सापडेना. तेव्हापासून हे घर माझ्या मागे लागले. मी मॉन्टिसेलोला गेलेलो नाही. पण जेफरसनच्या हातचे नकाशे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने आणि अलीकडच्या मोजणीचे नकाशे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले केले आहेत, आणि कागदावरून घर वाचणे हाच माझा आयुष्यभराचा धंदा. नकाशांबरोबर मी मृत्युपत्रे, लिलावाच्या जाहिराती आणि खरेदी-विक्रीचा इतिहास वाचत गेलो. हळूहळू लक्षात आले की हे दोन वेगळे विषय नाहीत. या घराचा आराखडा जी माणसे नजरेआड करतो, तीच माणसे त्याच्या मालकीच्या इतिहासातूनही गळलेली आहेत. वास्तूचे रसग्रहण एका लेखात आणि गुलामगिरीचा निषेध दुसऱ्या लेखात, अशी वाटणी केली तर दोन्ही अपुरे राहतात. ही वाटणी मोडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पुस्तकातून शिकलेला वास्तुकार

जेफरसनला वास्तुकला कोणी शिकवली नाही. त्याच्या तरुणपणी व्हर्जिनियात ती शिकवणारी शाळाच नव्हती. तो शिकला पुस्तकांतून, मुख्यतः पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराच्या १५७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून. स्वतः शिकलेल्या माणसाबद्दल मला उगाचच आपुलकी वाटते, हे आधीच कबूल करतो.

वडिलांकडून वारशाने आलेल्या जमिनीतील एका टेकडीचा माथा त्याने १७६८ पासून सपाट करून घेतला आणि पुढच्या वर्षी बांधकाम सुरू झाले. मॉन्टिसेलो म्हणजे इटालियन भाषेत छोटा डोंगर. शहाणी माणसे त्या काळी नदीकाठी घरे बांधत. याने पाणी, वीट, लाकूड सगळे वर चढवावे लागेल अशी जागा निवडली, केवळ तिथून दिसणाऱ्या दृश्यासाठी. ते चढवणार कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

पहिले घर लहान होते. १७८४ ते १७८९ तो फ्रान्समध्ये राहिला. पॅरिसमध्ये त्या वेळी उभा राहत असलेला ओतेल द साल्म हा प्रासाद त्याला फार आवडला. बाहेरून एकमजली वाटणारी आणि तरी भव्य अशी ती इमारत पाहून तो परतला, आणि १७९६ पासून त्याने स्वतःच्या घराचा वरचा भाग उतरवून ते नव्याने बांधायला घेतले. १८०९ पर्यंत काम चालले.

जे तयार झाले ते थक्क करणारे आहे. बाहेरून घर एकमजली दिसते. प्रत्यक्षात तळघरावर तीन मजले आहेत. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या त्याने जमिनीलगत घेतल्या आणि खालच्या उंच खिडक्यांच्या इतक्या जवळ आणल्या की बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच खिडकी वाटावी. तिसऱ्या मजल्याला उजेड छतातून दिला. बागेच्या बाजूवर अष्टकोनी घुमट बसवला. त्याचा पलंग झोपायची खोली आणि लिहायची खोली यांच्यामधल्या कोनाड्यात आहे, म्हणजे एका बाजूने उतरले की कपडे आणि दुसऱ्या बाजूने उतरले की पुस्तके. मुख्य घरात ३३ खोल्या आहेत. बाजूच्या इमारती धरल्या तर ४३.

या सगळ्यात जिन्याला भव्य जागा नाही. भव्य जिना म्हणजे जागेची नासाडी, असे जेफरसनचे मत. त्याचे दोन जिने जेमतेम दोन फूट रुंद आणि फिरत वर जाणारे आहेत. मी ते कागदावर काढून पाहिले तेव्हा पेन्सिल थांबली. अशा जिन्यावर दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. घरमालकाची खोली तळमजल्यावर, त्यामुळे त्याला तो रोज चढावा लागत नसे. सरपण वर नेणारे आणि रात्रीची भांडी खाली आणणारे मात्र तो दिवसभर चढत-उतरत होते.

प्रवेशदालनातल्या घड्याळाचेही तसेच. ते जेफरसनने स्वतः योजले. तोफगोळ्यांच्या वजनांवर ते चालते आणि वजने भिंतीवरून खाली येताना आठवड्याचा वार दाखवतात. भिंतीची उंची पुरेना, म्हणून जमिनीला भोके पाडली आणि शनिवार तळघरात गेला. या घड्याळाला दोन तोंडे आहेत. आतल्या तबकडीवर तास, मिनिटे, सेकंद सारे दिसते. बाहेर, शेताकडून येणाऱ्यांना दिसणाऱ्या तबकडीवर फक्त तासकाटा आहे, आणि तासांचे टोले छपरावरची घंटा दूरवर ऐकवत असे. ज्यांचा वेळ स्वतःचा नव्हता त्यांना मिनिटांची गरज नाही, एवढे या एका यंत्रातून वाचता येते.

टेकडीत दडवलेली बाजू

आता स्वयंपाकघर. ते सापडते, पण एलेव्हेशनवर नाही. त्यासाठी सेक्शन काढावा लागतो, म्हणजे घर आणि टेकडी उभी कापून पाहावी लागते.

घराच्या दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्यांच्या लांब गच्च्या निघतात, पुढे काटकोनात वळतात आणि त्यांच्या टोकाला एकेक छोटी इमारत आहे. बागेतल्या हिरवळीवर उभे राहिले तर या गच्च्या म्हणजे फक्त फिरायच्या वाटा वाटतात. पण त्यांच्या खाली, टेकडीच्या उतारात खोदून बसवलेल्या खोल्यांची रांग आहे. दक्षिणेकडे स्वयंपाकघर, मांस धुरावायची खोली, दूधदुभत्याची खोली आणि गुलाम माणसांच्या राहायच्या खोल्या. उत्तरेकडे घोडे आणि गाड्या. त्यांची दारे उताराकडे उघडतात. हिरवळीकडून पाहिले तर त्यांचे छप्पर म्हणजे मालकाची गच्ची. या दोन्ही बाजूंना घराच्या पोटातून जाणारी तळघराची बोळ जोडते. शिजलेले अन्न त्या बोळीतून यायचे.

जेवणघरात पोहोचल्यावरही ते आणणारे दिसत नसत. भिंतीत मध्यावर फिरणारे एक दार आहे आणि त्याच्या एका अंगाला फळ्या आहेत. बाहेरून थाळ्या मांडायच्या, दार फिरवायचे, की पदार्थ आत. शेगडीच्या दोन्ही अंगांना भिंतीत लपवलेली छोटी पाळणे आहेत. खाली मद्याच्या तळघरात कोणीतरी बाटली ठेवायची आणि वर मालकाने ती खेचून घ्यायची. अशा सोयीला इंग्रजीत डंबवेटर म्हणतात, म्हणजे शब्दशः मुका वाढपी. पर्यटकांना हे जेफरसनच्या कल्पकतेचे नमुने म्हणून दाखवले जातात, आणि कल्पकता त्यात आहेच. पण ही यंत्रे श्रम वाचवत नाहीत. दाराच्या पलीकडे माणूस उभा आहेच, तळघरात बाटली ठेवणाराही आहेच. यंत्राने वाचवले ते फक्त त्याचे दर्शन.

यावर एक रास्त आक्षेप येईल. स्वयंपाकघर दूर ठेवण्यामागे आगीची भीती असते, धूर आणि वास असतो. आपल्या वाड्यांतही मुदपाकखाना मागेच असे. शिवाय बाजूच्या इमारती जमिनीत घेतल्यामुळे डोंगरांचे दृश्य मोकळे राहिले, हे वास्तूच्या दृष्टीने उत्तमच झाले. हे सगळे खरे आहे. म्हणूनच मी जेफरसनच्या गुरूकडे परत गेलो. पॅलाडिओची घरेसुद्धा शेतीवरचीच घरे होती. फान्झोलो येथील त्याची व्हिला एमो पाहा. मधोमध मालकाचे घर आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या हातांसारख्या कमानींच्या लांब ओळी. त्या ओळी म्हणजे धान्याची कोठारे आणि शेतीच्या कामाच्या जागा. पॅलाडिओने त्या दर्शनी बाजूलाच, घराच्या रेषेत मांडल्या. तिथले कष्टकरी सुखी होते असा याचा अर्थ नाही. पण हे घर कामावर उभे आहे, ही गोष्ट दर्शनी भागातून लपवलेली नाही. जेफरसनने पॅलाडिओचे हे दोन हात घेतले आणि जमिनीत दडवले. शिष्याने गुरूपासून घेतलेली ही फारकत मला या घराचा सर्वांत मोठा वास्तुशास्त्रीय निर्णय वाटते. घुमट त्यानंतर येतो.

हात कोणाचे

प्लँटेशन म्हणजे गुलाम माणसांच्या श्रमावर चालणारी, विक्रीच्या पिकाची मोठी शेती. मॉन्टिसेलोभोवती अशी सुमारे ५,००० एकर जमीन होती. आधी तंबाखू, मग गहू. जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्यांतली बरीच त्याला सासऱ्याकडून आली. १७७३ साली जॉन वेल्स वारला तेव्हा जमिनीबरोबर सुमारे १३५ माणसे आणि मोठे कर्जही जावयाच्या घरी आले.

घराच्या दक्षिणेला, हिरवळीवरून सहजी न दिसणाऱ्या पातळीवर तुतीची झाडे लावलेला एक रस्ता होता. त्याचे नाव मलबेरी रो. सुतारशाळा, लोहारशाळा, कोठारे आणि खोपटी या रस्त्याकडेला होती. १७९४ मध्ये तिथे खिळ्यांचा कारखाना निघाला. कामाला दहा ते सोळा वर्षांची मुले. सकाळी प्रत्येकाला किती लोखंड दिले, संध्याकाळी किती खिळे आले, वाया किती गेले, याचा हिशेब जेफरसन स्वतः ठेवी. या उत्पन्नावर आपल्या कुटुंबाचा खर्च भागतो, असे त्याने एका पत्रात लिहिले. माणसे समान जन्माला येतात, हे त्याच हाताने लिहिले होते.

घरातले उत्तम लाकूडकाम जेम्स डिन्समोर या आयरिश सुताराच्या देखरेखीखाली झाले. त्याच्या हाताखाली जॉन हेमिंग्ज हा गुलाम सुतार तयार झाला आणि १८०९ मध्ये डिन्समोर गेल्यावर तोच सुतारशाळेचा प्रमुख झाला. जॉनच्या कसबाची एक हकीकत मला विसरता येत नाही. १८२५ मध्ये जेफरसनची नात एलन लग्न होऊन बोस्टनला गेली. तिच्यासाठी जॉनने एक लिहायचे मेज केले होते. ते समुद्रात बुडाले. जॉनला झालेल्या दुःखाचे वर्णन आजोबाने नातीला पत्रातून कळवले. दुसरे मेज करावे तर आता त्याची नजर अधू झाली होती. भरपाई म्हणून जेफरसनने एलनच्या नवऱ्याला एक जुनी लिहायची पेटी पाठवली. त्याच पेटीवर त्याने स्वातंत्र्याचे घोषणापत्र लिहिले होते. ती पेटी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि जॉनचे मेज समुद्राच्या तळाशी. पुढच्याच वर्षी जेफरसनची शवपेटीही जॉननेच केली.

मालकांची यादी आणि तिच्यातली गळती

जुन्या घराचा इतिहास लिहिताना आपण मालकांची यादी करतो. मीही वाड्यांच्या बाबतीत तेच करत आलो. मॉन्टिसेलोची यादी सोपी आहे. १८२६ पर्यंत जेफरसन, मग वारस, १८३१ पासून जेम्स बार्कले, १८३४ पासून लेव्ही घराणे, १९२३ पासून जेफरसनच्या स्मरणार्थ स्थापन झालेली संस्था. पाच ओळींत संपते. पण या पाच ओळींमधल्या फटीत काय पडले ते पाहिले पाहिजे.

व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने गुलाम माणसांना स्थावर मालमत्ता ठरवले होते. पुढे ती जंगम मानली जाऊ लागली. स्थावर आणि जंगम हे शब्द मी खरेदीखतांत हजार वेळा वाचले असतील. एकच माणूस आधी एका सदरात आणि मग दुसऱ्या सदरात, हे वाचताना मात्र ते शब्द पहिल्यांदा वाचल्यासारखे वाटले.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी, घोषणापत्राच्या बरोबर पन्नासाव्या वर्षदिनी वारला. मागे एक लाख सात हजार डॉलरहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्रात त्याने पाच माणसांना मुक्त केले, पाचही हेमिंग्ज कुटुंबातली. जानेवारी १८२७ मध्ये त्याच घराच्या आवारात लिलाव झाला. जाहिरातीत १३० माणसांचा उल्लेख होता, सोबत गुरे, अवजारे आणि घरातले सामान. माणसे काही दिवसांत विकली गेली. घराला मात्र गिऱ्हाईक मिळायला आणखी चार वर्षे लागली. आज जी वास्तू जागतिक वारसा मानली जाते तिला तेव्हा उठाव नव्हता. उठाव होता तो तिच्या तळघरातल्या माणसांना.

जोसेफ फॉसेट हा लोहार मृत्युपत्राने मुक्त होणाऱ्या पाचांपैकी एक. पण मुक्ती मृत्यूनंतर एक वर्षाने मिळायची होती आणि लिलाव त्याआधीच झाला. त्याची बायको ईडिथ त्या घराची मुख्य स्वयंपाकीण होती. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टनला फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली ती शिकली होती. मी नाण्यावर जे स्वयंपाकघर शोधत होतो ते हिचे. ती आणि तिची मुले जोसेफच्या डोळ्यांदेखत वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकली गेली. पुढची दहा वर्षे लोहारकाम करून त्याने बायकोला आणि काही मुलांना पुन्हा विकत घेतले व मोकळे केले. मालकीच्या यादीत या खरेदीला जागा नाही, कारण ती घराची खरेदी नाही. पण घरातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टीची खरेदी असेल तर हीच.

लेव्हींची ८९ वर्षे

बार्कले हा औषधविक्रेता. त्याला तिथे रेशमाचे किडे पाळायचे होते. तो उद्योग साधला नाही आणि तो पुढे धर्मप्रसारक म्हणून जेरुसलेमला गेला. १८३४ मध्ये युरिया फिलिप्स लेव्ही या नौदलातल्या ज्यू अधिकाऱ्याने मोडकळीस आलेले घर आणि २१८ एकर जमीन २,७०० डॉलरला ठरवली. जेफरसनने धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार केला म्हणून लेव्हीला त्याच्याबद्दल अपार आदर होता. अमेरिकेच्या संसदभवनात आज उभा असलेला जेफरसनचा पुतळाही याच लेव्हीने दिलेला आहे. नौदलात खलाशांना फटके मारण्याच्या शिक्षेविरुद्ध तो झगडला, आणि १८५० मध्ये ती शिक्षा बंद झाली. आणि मॉन्टिसेलोवर त्यानेही गुलाम बाळगले. ही दोन वाक्ये एकाच माणसाविषयी लिहावी लागतात. त्यातले एक गाळून दुसरे लिहिण्याचा मोह होतो, पण गाळण्याचीच तर या घराला सवय आहे.

१८६२ मध्ये लेव्ही वारला. मॉन्टिसेलो राष्ट्राला द्यावे आणि तिथे अनाथ मुलांसाठी शेतीशाळा काढावी अशी त्याची इच्छा होती. यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेच्या सरकारने घर जप्त करून विकले. युद्धानंतर ते कुटुंबाकडे परत आले, पण मृत्युपत्र टिकले नाही आणि वारसांचे दावे वर्षानुवर्षे चालले. तोवर राखणदाराच्या हाती असलेल्या घरात दिवाणखान्यात धान्य आणि तळघरात गुरे होती. १८७९ मध्ये पुतण्या जेफरसन मनरो लेव्ही याने १०,०५० डॉलर देऊन ते सोडवले, दुरुस्त केले आणि १९२३ मध्ये पाच लाख डॉलरला स्मारक संस्थेला विकले. लेव्ही घराण्याकडे हे घर, युद्धाचा खंड धरून, ८९ वर्षे होते. जेफरसनकडे बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून मोजले तरी ५७. तरीही संस्थेच्या पहिल्या काही दशकांत लेव्हींचे नाव फारसे निघत नसे. युरियाच्या आईची, रेचेल लेव्हीची, कबर मलबेरी रोच्या कडेलाच आहे; १८३९ मध्ये ती तिथे वारली. त्या कबरीचा यथोचित गौरव व्हायला १९८५ उजाडले.

१९४१ चे शौचालय

सॅली हेमिंग्ज ही जेफरसनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण आणि त्याची गुलाम. जेफरसनपासून तिला सहा मुले झाली, त्यातली चार जगली. दक्षिणेकडच्या गच्चीखालची एक खोली तिची असावी, असे जेफरसनच्या एका नातवाने दिलेल्या वर्णनावरून अभ्यासक मानतात. १९४१ मध्ये पर्यटकांच्या सोयीसाठी तिथे शौचालय करण्यात आले. ते काढून, उत्खनन करून ती जागा सॅलीचे आयुष्य सांगणारे दालन म्हणून २०१८ मध्ये खुली झाली. ती सोय कोणा दुष्ट माणसाने केली असे मला वाटत नाही. कोणीतरी नकाशा समोर ठेवून, जिथे महत्त्वाचे काही नाही अशी जागा शोधली असेल. मीही नोकरीत असे नकाशे काढले आहेत. महत्त्वाचे काही नाही हे ठरवताना मीही कोणाला विचारले नाही.

आणखी एक कागद. घर विकताना जेफरसन कुटुंबाची दफनभूमी विक्रीतून वगळलेली होती. ती आजही त्याच्या वंशजांच्या मंडळाच्या मालकीची आहे. तिथे कोणाला जागा मिळावी हे मंडळ ठरवते, आणि २००२ मध्ये त्याने सॅलीच्या वंशजांना सदस्यत्व देण्यास नकार दिला. गुलाम माणसांची एक दफनभूमी पुरातत्त्वज्ञांना सापडली ती पर्यटकांच्या वाहनतळाजवळ. मालकीचा इतिहास १९२३ मध्ये संपला, असे म्हणणाऱ्याने या दोन जमिनी नकाशावर शोधाव्यात.

१८७३

सॅलीचा मुलगा मॅडिसन मामाच्या, म्हणजे जॉन हेमिंग्जच्या, हाताखाली सुतारकाम शिकला. मृत्युपत्राने तो मोकळा झाला आणि पुढे ओहायोत स्थायिक झाला. मार्च १८७३ मध्ये तिथल्या एका स्थानिक वृत्तपत्रात त्याची हकीकत छापून आली. जेफरसन आपला बाप होता, हे त्याने साध्या शब्दांत सांगितले. इतिहासकारांनी शंभर वर्षांहून अधिक काळ त्याचा शब्द मानला नाही. १९९८ मध्ये जनुकीय चाचणी झाली आणि २००० मध्ये खुद्द स्मारक संस्थेच्या समितीने त्याला दुजोरा देणारा निष्कर्ष काढला.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. त्यांनी ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा बाळगली. ओहायोतला सुतार आणि पुण्यातला बांधकामाचे ठेके घेणारा लेखक यांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही. पण फुल्यांना बांधकाम ठाऊक होते. दगड कोण वाहतो आणि इमारतीवर नाव कोणाचे लागते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. मॉन्टिसेलो मराठीतून वाचताना मला त्यांचीच नजर उपयोगी पडली.

मला हे घर आजही आवडते. सेक्शन काढताना अजून एखादी रेघ इतकी नेमकी पडते की मनात दाद उमटते, आणि ती दाद मी मागे घेऊ शकत नाही. ज्या बुद्धीने खिडक्या जुळवल्या, त्याच बुद्धीने माणसे दडवली. ती एकच बुद्धी आहे. घर सुंदर आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही आणि दोष आहे म्हणून त्याचे सौंदर्य खोटे होत नाही. समीक्षकाचे काम दोन्हींचा जोड कुठे आहे ते दाखवण्याचे आहे. या घरात तो दक्षिणेकडच्या गच्चीच्या फळ्यांत आहे. वरून चालायची वाट, खालून छप्पर.

या उन्हाळ्यात मी मॉन्टिसेलोचा सेक्शन मोठ्या कागदावर पुन्हा काढला. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीची चौकट असते : इमारतीचे नाव, मालक, वास्तुकार, आरेखक. वास्तुकाराच्या पुढे जेफरसन लिहिले. आरेखकाच्या पुढे माझे नाव. मालकाचा रकाना बराच वेळ कोरा राहिला. शेवटी मी चौकटीत एक ओळ वाढवली, 'बांधणारे आणि चालवणारे', आणि त्यात जागा मिळेल तितकी नावे बारीक अक्षरांत लिहीत गेलो : जॉन हेमिंग्ज, जेम्स डिन्समोर, जोसेफ फॉसेट, ईडिथ फॉसेट, सॅली हेमिंग्ज. चौकट भरली, नावे संपली नव्हती.

ईडिथचा मुलगा पीटर लिलावात विकला गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे तो मोकळा झाला आणि सिनसिनाटीत धर्मोपदेशक म्हणून नावाजला. १९०० मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना, मॉन्टिसेलो पुन्हा एकदा पाहण्याची त्याची इच्छा त्याच्या मंडळीने वर्गणी काढून पुरी केली. त्याचे नाव मी चौकटीबाहेर, स्वयंपाकघराच्या दारापाशी लिहिले आहे.